उत्तरेकडचा फ्लॅट

शहरं ही माणसाने लिहिलेली सर्वांत प्रामाणिक आत्मचरित्रं असतात. शिकागोत नदीकाठच्या एका बाकावर बसून मी हे वाक्य वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघही मारली. त्या काळात माझा स्वतःचा पत्ता कुवेतमधल्या फरवानियातल्या एका पाचमजली इमारतीचा होता. तिने स्वतःबद्दल प्रामाणिकपणे जे सांगितलं होतं ते एवढंच, की तिच्या एसींचं पाणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पडतं आणि तिची लिफ्ट बुधवारी चालत नाही. बुधवारीच का, हे इमारतीच्या रखवालदारालाही माहीत नव्हतं. तो तळमजल्यावर राहायचा.

मी सिव्हिल इंजिनियर. इराकी सैन्य गेल्यानंतर कुवेतची पुन्हा उभारणी सुरू झाली तेव्हा पुण्याहून तिथे गेलो आणि मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या कामावर एका ठेकेदाराकडे लागलो. पंपांचे पाये, पाइपांचे आधार, टाक्यांखालची काँक्रीटची कडी, असली कामं. ती नीट झाली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यामुळे ज्या इमारतींकडे लोक मान वर करून बघतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात जरा आकस आहे, असं बायकोचं म्हणणं. ती नाशिकची. कुवेतमधल्या भारतीय शाळेत गणित शिकवायची आणि पुराव्याशिवाय विधान करत नसे.

आमच्या लोकांत घर बघायची एक रीत होती. पुण्याहून किंवा नाशिकहून कुणी नवा आला की जुन्यांपैकी एकजण त्याच्याबरोबर फ्लॅट बघायला जायचा, आणि जायचा तो शक्यतो जुलैत, दुपारी तीन वाजता. दलाल स्वयंपाकघरातल्या नव्या फरशा दाखवत असायचा. जाणत्याने तिकडे बघायचंच नाही. सरळ बेडरूममध्ये जाऊन बाहेरच्या भिंतीला आतून तळहात टेकवायचा आणि मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे. दहापर्यंत हात टिकला तर फ्लॅट घेण्यासारखा. पश्चिमेच्या भिंती पाचाच्या पुढे जाऊ देत नसत. ज्यांना नाइलाजाने असे फ्लॅट घ्यावे लागले त्यांनी खिडक्यांना आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवलेला असायचा. संध्याकाळी रस्त्यावरून पाहिलं तर इमारतीने डबा भरून ठेवल्यासारखं दिसायचं.

या कामात मला मान होता. मी दहा-बारा जणांना घरं निवडून दिली होती, सगळी उत्तरेकडची, आणि एकाचीही तक्रार आली नव्हती. शेजारच्या मीना अल-अहमदी रिफायनरीतल्या एका रत्नागिरीच्या स्टोअरकीपरने तर खूश होऊन मला एक लहानसं होकायंत्र दिलं. नमाजाची दिशा बघण्यासाठी त्याच्याकडे दोन होती. "साहेब, तुम्ही याच्यावर उत्तर बघा," तो म्हणाला. "आमचं काम बाकीच्या दिशांवर भागतं."

नव्वदचं दशक संपत आलं तसं आमच्या लोकांना कॅनडाचं वेड लागलं. कारण सरळ होतं. कुवेतमधला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, म्हणजे नोकरी गेली की देशही गेला. मुलांना बारावीनंतर तिथे पुढे काही नव्हतं. कॅनडाचे कागद मिळाले की लोक सुटीत सहकुटुंब जाऊन शिक्के मारून यायचे. याला सगळे 'लँडिंग करून येणं' म्हणायचे, जणू प्रत्येकाने आपापलं विमान चालवलं होतं. मग काही वर्षांनी बायको-मुलं तिकडे आणि कमावता इकडे, अशी वाटणी व्हायची. आमचंही तसंच ठरलं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिची बारावी झाली की मायलेकी टोरांटोला जाणार, आणि तिचं शिक्षण संपेपर्यंत मी फरवानियात राहणार.

"म्हणजे घर तुम्ही निवडणार आणि राहणार मी," बायको म्हणाली.

"आजवर मी निवडलेलं एक तरी घर तापलंय का?"

"तापलं नाही. म्हणूनच विचारतेय, तिथे घर तापायलाच हवं असलं तर?"

हा विनोद आहे असं समजून मी हसलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही न्यूयॉर्क, शिकागो आणि टोरांटो अशी तीन शहरं पाहिली. त्याआधी, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका प्रशिक्षणासाठी मी ह्यूस्टनला महिनाभर राहिलो होतो, म्हणजे माझ्या हिशेबाने एकूण चार शहरं. ह्यूस्टनने मला भारावलं नव्हतं, कारण ते मला ओळखीचं वाटलं. तेलाच्या तेजीत आरशांच्या इमारती उठल्या आणि तेजी ओसरल्यावर तिथेच थांबल्या. मधल्या मोकळ्या जागांवर गाड्या लावलेल्या. रस्त्यावर माणूस नाही, सगळे जमिनीखालच्या गारेगार बोगद्यांतून जेवायला जायचे. इमारती दिवसभर एकमेकींत स्वतःचं तोंड बघत उभ्या. तेल, ऊन आणि गाडी या तिन्हींवर उभं राहिलेलं शहर जगात कुठेही असलं तरी त्याचा चेहरा सारखाच होतो, असं मी परत येऊन सांगायचो, आणि ऐकणारे कुवेतमधलेच असल्यामुळे कुणाला नवल वाटायचं नाही.

न्यूयॉर्कने मात्र माझा आकस पहिल्या तासात मोडला. मी उंच इमारतींची तयारी करून गेलो होतो, वयाची केली नव्हती. साठ-सत्तर वर्षांच्या इमारती, दगडविटांच्या, अजून कामावर जाताहेत, आणि वरच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत निमुळत्या होताहेत. हे कशामुळे ते मला माहीत होतं, आणि जे माहीत असतं ते मी सांगतो. इथे एक जुना कायदा होता, मी फुटपाथवर उभा राहून सांगू लागलो, की इमारत जितकी उंच जाईल तितकी मागे सरली पाहिजे, म्हणजे खाली रस्त्यापर्यंत ऊन आणि उजेड पोचेल. कुण्या कलावंताला सुचलेला हा आकार नाही. हा कायद्याने कापलेला आकार आहे. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होते. पंधरा मिनिटांनी बायकोने विचारलं, "म्हणजे यांना ऊन हवं असतं?"

"कायद्याला हवं असतं," मी म्हणालो आणि छपरांवरच्या लाकडी पाण्याच्या टाक्यांकडे वळलो. पन्नास मजल्यांच्या शेजारी वीस मजले, आणि त्यांच्या डोक्यावर पत्र्याची टोपी घातलेलं लाकडी पिंप. आपल्यासारखंच गच्चीवर पाणी साठवणारं शहर पाहून मला उगाच आपुलकी वाटली.

शिकागोत बायकोचा धाकटा भाऊ होता. त्याने गाडीतून एका काळ्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या इमारतीपाशी नेलं. तिच्या अंगावर पोलादाच्या भल्यामोठ्या फुल्या होत्या, एकीवर एक, आणि त्या शोभेच्या नव्हत्या. त्या सरोवरावरून येणारा वारा पेलत होत्या. एरवी इमारती आपली हाडं झाकतात, कारण हाडं इंजिनियरची आणि कातडी आर्किटेक्टची. इथे कुणीतरी इंजिनियरचं काम शंभर मजले बाहेर मांडून ठेवलं होतं. मी खालच्या सांध्यापाशी गेलो आणि मान वर करून उभा राहिलो. मुलगी म्हणते मी अर्धा तास उभा होतो. मेहुणा म्हणतो पाऊण.

"दाजी," त्याने शेवटी गाडीतून हाक मारली, "पडत नाहीये ती. चला."

बाकावर बसून लिहिलेलं ते वाक्य त्याच संध्याकाळचं.

टोरांटोला पोचलो तेव्हा मी असा पुरता मवाळ झालेला होतो. शिकागो-न्यूयॉर्क पाहताना जे होऊन गेलं ते पाहत होतो. टोरांटोत ते चालू होतं. सरोवराच्या बाजूला जिकडे बघावं तिकडे क्रेन. राहण्याच्या उंच काचेच्या इमारती, सडपातळ, एकसारख्या, आणि सगळ्या एकाच वेळी वाढताहेत. एका कामाच्या कुंपणाला फट होती. तिच्यातून पाहिलं तर स्लॅबचं सेंटरिंग, ज्याच्या फळ्या आणि टेकू आमच्याकडे सुतारांची टोळी दोन दिवस काढत बसते, ते इथे अख्ख्या टेबलासारखं एका तुकड्यात बाहेर सरकत होतं. क्रेनने ते हवेत उचललं, इमारतीला वळसा घालून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं, आणि खालची माणसं चहा प्यायला गेली. मी बायकोला बोलावून दाखवलं. तिने फटीतून पाहिलं आणि खरोखर गप्प झाली. आमच्या संसारात काँक्रीटने साधलेला तो पहिलाच परिणाम.

आमच्या फ्लॅटची इमारत अजून उभी नव्हती. तिच्या जागेवर गाड्या उभ्या होत्या आणि शेजारच्या एका बसक्या ऑफिसात तिची खांद्याइतकी उंच प्रतिकृती होती, आतून दिवे लावलेली. विक्रीचं काम बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात साखळीने अडकवलेला, बोलायला गोड. त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड दाखवू लागल्या. मी तिकडे बघितलं नाही. खिशातलं होकायंत्र काढलं, प्रतिकृतीशेजारी धरलं आणि विचारलं, यात उत्तर कुठे?

मुलगी दोन पावलं मागे सरकून दुसऱ्याच कुटुंबातली झाली.

बाईंनी उत्तरेची बाजू दाखवली. नववा मजला, दोन खोल्या, बाल्कनीत आलं की शहराचा देखावा. मग म्हणाल्या की दक्षिणेलाही असाच फ्लॅट आहे, किंमत थोडी जास्त आहे, पण तिकडे सरोवर आहे, आणि दिवसभर ऊन.

दिवसभर ऊन. वीस फुटांवरून लबाडी ओळखावी तशी मी ती ओळखली. दिवसभर ऊन येणारा फ्लॅट जास्त किमतीला विकायला बघताहेत, आणि वर तोच त्याचा गुण म्हणून सांगताहेत. मी उत्तरेचा हवा म्हणालो.

"उत्तरेचा? नक्की?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नक्की."

"बऱ्याच लोकांना हिवाळ्यात..."

"आम्ही कुवेतहून आलोय," मी म्हणालो, म्हणजे आम्हाला शिकवू नका.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या काहीतरी सांगत होत्या."

"त्यांना महागाचा खपवायचाय. कळत नाही का?"

"आणि वाळवण कुठे घालायचं?"

"कॅनडात वाळवण?" बाहेर ऑगस्टचं ऊन होतं, अंगाला घाम आला होता. आम्ही तिघेही त्या वेळी एका झाडाच्या सावलीत उभे होतो, आणि मला वाटलं माझा मुद्दा सिद्ध झाला.

इमारत व्हायला तीन वर्षं लागली. तेवढ्यात कुवेतनेही आळस झटकला. शेजारी इराकमध्ये युद्ध झालं आणि शहरात काचेचे मनोरे वर जायला लागले. पन्नास अंशांच्या उन्हात काचेचं घर बांधायचं आणि मग ते गार करायला वीजकेंद्र बांधायचं, हा प्रकार मी ऑफिसात कुणालाही समजावून सांगायला तयार होतो. लोक कामात असायचे. मेहुण्याने टोरांटोला जाऊन काढून पाठवलेले फोटो मात्र मी सगळ्यांना दाखवायचो. एका फोटोत आमचा नववा मजला होता, नुसता स्लॅब आणि आभाळ.

मुलीची बारावी झाली, बायकोने शाळा सोडली आणि ऑगस्टमध्ये आम्ही फ्लॅटचा ताबा घेतला. घर झकास होतं. थंड, शांत, काचेतून सगळं शहर. मी तीन आठवडे राहिलो, फर्निचर जोडून दिलं आणि परत आलो. शुक्रवारी फोन करायचा असं ठरलं होतं.

सप्टेंबरात बायको म्हणाली, छान चाललंय. ऑक्टोबरात म्हणाली, झाडं लाल झालीत. नोव्हेंबरात मी विचारलं, काय करतेयस, तर म्हणाली, दिवे लावतेय.

"आत्ता? तिकडे दुपारचा एक असेल."

"सकाळी बंदच केले नव्हते म्हणा."

डिसेंबरात तिने सांगणंच कमी केलं. खुशाल आहे, जेवलात का, ठेवते. ज्या बाईला चूक उत्तराची पायरीही दाखवल्याशिवाय राहवत नाही ती गप्प झाली की घाबरावं. मी मुलीला फोन द्यायला सांगितलं. ती बाल्कनीत गेली असावी, मागे वारा ऐकू येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "इट्स अ बेसमेंट. नवव्या मजल्यावरचं बेसमेंट. सन एकदाही आत आलेला नाही. सप्टेंबरपासून."

"आई काय म्हणते?"

"शी डझन्ट से. ती दुपारी लॉबीत जाऊन बसते. तिथे ऊन असतं."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ आमच्या फरवानियातल्या थंड भिंतीला पाठ टेकवून बसलो. न्यूयॉर्कला एका अख्ख्या शहराने उन्हासाठी आपल्या इमारती कापून घेतल्या होत्या, आणि ते मी फुटपाथ अडवून समजावून सांगितलं होतं. फक्त स्वतः ऐकलं नव्हतं. कुवेतमध्ये बारा-तेरा वर्षं ज्याला दाराबाहेर ठेवायला शिकलो, त्याला कुणी पैसे जास्त देऊन घरात बोलावत असेल हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. आणि त्याची शिक्षा लॉबीतल्या सोफ्यावर दुसरंच माणूस भोगत होतं. ती परत येते म्हणाली असती तर मी त्याच दिवशी तिकीट काढलं असतं. तेच विचारायला मी फेब्रुवारीत रजा घेऊन गेलो.

विमानतळावरून येताना शहर ओळखू आलं नाही. क्रेन तशाच होत्या. उणे पंधरा अंशांत काम चालू होतं. आमच्या शेजारच्या इमारतीचा मजला चारी बाजूंनी ताडपत्र्यांनी गुंडाळला होता आणि आत काँक्रीट गोठू नये म्हणून शेगड्या पेटवल्या होत्या. ताडपत्री आतून नारिंगी दिसत होती. आम्ही कुवेतमध्ये काँक्रीट तापू नये म्हणून त्यात बर्फ घालतो. हे लोक त्याच काँक्रीटला बर्फापासून वाचवायला शेकोटी लावत होते. माणूस कुठेही गेला तरी हवेला न जुमानता तोच राखाडी लगदा ओततो, हे पाहून मला गहिवरून आलं. टॅक्सीवाल्याने काच वर करायला सांगितली.

घरात दिवे लागलेले होते. बायको बारीक झाली होती. मी काही विचारायच्या आत तिने मला गप्प केलं. "आधी झोपा. सकाळी दहाला उठवते. काही दाखवायचंय."

दहाला तिने मला बैठकीच्या खोलीत उभं केलं. खिडकीबाहेर, ईशान्येला, गाड्या लावायच्या एका मोकळ्या जागेपलीकडे तीस मजल्यांची काचेची ऑफिसची इमारत होती. दहा वाजून पाच मिनिटांनी तिच्या वरच्या काचा पेटल्या. आग्नेयेकडचं ऊन आमच्या इमारतीच्या बाजूने जाऊन त्यांच्यावर आदळलं, वळलं, आणि तिरपं खाली येऊन आमच्या फरशीवर पडलं. जेवणाच्या ताटाएवढा तुकडा, मग सतरंजीएवढा. खोली पिवळी झाली. मी पुढे होऊन त्या उन्हात उभा राहिलो. शिकागोतल्या फुल्यांपुढेही माझी अशी अवस्था झाली नव्हती. कुणीतरी शेकडो माणसं लावून, तीस मजले चढवून एक आरसा उभा केला होता, आणि त्याला ठाऊकही नव्हतं.

बायको गुडघ्यांवर बसली होती. तिच्यापुढे स्टीलच्या ताटात मीठ-मेथी भरलेल्या मिरच्या होत्या. ऊन सरकलं की ती ताट चार बोटं पुढे सरकवायची.

"चाळीस मिनिटं मिळतात," ती म्हणाली. "डिसेंबरात सापडलं. मिरच्यांना तीन आठवडे लागले."

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही मग काय केलं असतंत? होकायंत्र घेऊन आला असतात."

मुलगी सोफ्यावर पाय ओढून उन्हात बसली होती. "बाबा, जरा सरका," ती म्हणाली. "युअर शॅडो इज ऑन द चिलीज."

मी सरकलो. मग विचारायचं ते विचारलं, की परत येतेस का. बायको ताट सरकवत राहिली.

"हिचं कॉलेज इथे आहे," ती म्हणाली. "मलाही सप्टेंबरपासून एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून बोलावताहेत. मी राहणार. पण पुढचं घर मी बघणार."

"हे विकायचं?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. खालच्या मोकळ्या जागेवर, गाड्यांच्या मागे, होऊ घातलेल्या इमारतीचा नवा फलक लागला होता. मी चष्मा लावून तो वाचला आणि सवयीने गणित केलं. येणारं ऊन अडवायला सोळा मजले पुरेसे होते. फलकावर अठ्ठावीस लिहिले होते.

त्या वर्षी तिने घर पाहिलं, मला न विचारता. मी कुवेतहून नकाशा मागितला तर म्हणाली, नकाशा नाहीये, जुनं घर आहे. विटांचं, तिसरा मजला, दक्षिणेला दोन खिडक्या, लिफ्ट नाही. त्या घरातून शहरातली एकही उंच इमारत दिसत नाही. समोर टायर बदलायचं दुकान आहे. ते एकमजली आहे.